दोन रुपयांवरची उठलेली रेघ

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळही बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ नाही. तुम्हाला सांगतोय, पण तुम्ही मला समजून घ्यावं म्हणून नाही. समजून घेणाऱ्या माणसांचा मला आता रागच येतो.

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. बी.एस्सी. झालो तेव्हा वडिलांनी अंबरनाथच्या आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. आनंदनगरला पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मला तपासनिसाची नोकरी लागली. तिथं टूलरूममध्ये मोरेकाका होते. डाय फिटर — म्हणजे पत्रा ज्यात दाबून घडवतात ते पोलादी ठसे, डाय, बसवणारे. शिक्षण सातवी. मला पहिल्या दिवसापासून ‘साहेब’ म्हणायचे — निम्मं थट्टेनं, निम्मं खरंच कौतुकानं.

मला नाण्यांचा नाद होता. एकदा जेवणाच्या सुट्टीत दोन रुपयांचं एक नाणं त्यांना दाखवलं. नाण्यावर केसासारखी रेघ होती. मी म्हटलं, ओरखडा पडलाय. काकांनी डब्याचं झाकण बाजूला सारलं, नाण्यावरून अंगठा फिरवला आणि हसले.

“साहेब, डिग्री कशात घेतली? ओरखडा खोल जातो. ही रेघ उठलीय. डायला तडा गेला की धातू त्या तड्यात घुसतो, आणि मालावर रेघ उठते. आपल्या वॉशरवर नाही का येत?”

ते मला सगळं शिकवत गेले. डाय झिजली की अक्षरं कशी मऊ पडतात. वापरून गुळगुळीत झालेलं नाणं आणि म्हाताऱ्या डायमधून निघालेलं नवंकोरं नाणं यांत फरक काय — पहिल्याचे उंचवटे आधी झिजतात, दुसऱ्याची चकाकी शाबूत असते पण अक्षरं जन्मतःच पुसट असतात. कुठल्या पुस्तकात मला हे सापडलं नव्हतं.

आणि मी काय केलं? उल्हासनगरला लछूशेठच्या कापडाच्या दुकानावर, पोटमाळ्यावर, दर रविवारी आम्हा दहाबारा संग्राहकांची बैठक भरते. तिथं हे सगळं मी माझं म्हणून सांगितलं. “अभ्यासातून लक्षात आलं,” असं म्हणायचो. आमच्याकडे एक रीत आहे — नाणं पांढऱ्या फडक्यावर ठेवून हातोहात फिरतं, भिंगातून सगळे बघतात, आणि शेवटी बसलेला माणूस निकाल देतो. त्यानंतर कुणी बोलत नाही. वर्षभरात ती शेवटची जागा माझी झाली. शेठ पाहुण्यांना सांगायचे, “ये हमारा प्रोफेसर है, साईं.”

मग काका निवृत्त झाले, सोनिवलीला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. बैठकीबद्दल कधीतरी मीच त्यांच्याजवळ बोललो होतो. आणि एका रविवारी, न सांगता, पोटमाळ्याचा जिना चढून वर आले. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. माझ्या मनात मात्र — काय सांगू — द्वेष उठला. आता हा माणूस सहज बोलून जाणार, ‘साहेबांना मीच शिकवलं’. पांढरा शर्ट, खिशात पेन, हातात पुठ्ठ्याचा तुकडा. मला त्यांच्या शर्टाचाही राग आला.

पुठ्ठ्यावर ओळीनं पाच नाणी चिकटवलेली. दोन रुपयांची, एकाच सालाची. पहिल्यावर रेघ काठाशी जेमतेम. दुसऱ्यावर सिंहाच्या पायापर्यंत. तिसऱ्यावर, चौथ्यावर पुढे पुढे. पाचव्यावर रेघ आरपार, आणि काठाशी डायचा टवका उडालेल्या जागी धातूचा फुगवटा. रिक्षावाल्यांकडून, चहावाल्याकडून सुट्टे मागून मागून तीन वर्षांत जमवलेली. एका डायचं म्हातारपण आणि मरण, क्रमानं. असं काही आमच्यात कुणी आजवर आणलं नव्हतं. मीही नाही.

पण काकांनी एक चूक केली होती. नाणी पॉलिश लावून लख्ख पुसली होती. संग्राहक नाणं कधी पुसत नाही. पुसलेलं नाणं म्हणजे संशय. पण फिटर माणूस आपलं काम पुसल्याशिवाय कुणाच्या हातात देत नाही. हा त्यांचा आदर होता, आणि तिथं हे फक्त मला माहीत होतं.

पुठ्ठा फिरत फिरत माझ्याकडे आला. मी भिंग लावलं. खरं होतं — पहिल्या नजरेत कळलं. तरी वेळ काढला. मग म्हणालो, “काका आयुष्यभर टूलरूममध्ये होते. त्यांच्या हाताला काय अशक्य आहे? पण हे टाकसाळीतलं नाही.”

कुणीतरी म्हणालं, “काय काका, सोनिवलीला टाकसाळ उघडली काय?” सगळे हसले. शेठही हसले — “अरे बाबा, पोलीस आयेगी इधर!”

काका हसले नाहीत. मला वाटलं चिडतील. मला ते हवंही होतं. पण ते माझ्याकडे वळून हळू म्हणाले, “साहेब, बाकी राहू द्या. रेघ उठलीय का खोल गेलीय, एवढंच सांगा.”

एवढंच. एक शब्द. खोल रेघ कुणीही कोरेल, पण उठलेली रेघ घरात बसून आणता येत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. तो शब्द उच्चारला असता तर चाळीस वर्षं हातानं काम केलेला माणूस त्या जिन्यावरून लबाड म्हणून उतरला नसता.

मी म्हणालो, “पुसलेल्या नाण्यावर आम्ही मत देत नाही.”

त्यांनी पुठ्ठा पिशवीत ठेवला. चप्पल घालताना भिंतीला हात टेकवला. पुन्हा आले नाहीत.

पुढच्या दिवाळीत बदलापूर स्टेशनबाहेर एका रिक्षावाल्यानं मला सुट्टे दिले. त्यात दोन रुपयांचं एक नाणं — तेच साल, तीच रेघ, चौथ्या आणि पाचव्याच्या मधली. काळपट, मळकं, कुणी न पुसलेलं. हे फडक्यावर ठेवलं असतं तर काकांची नाणी खोटी असं कुणालाही म्हणता आलं नसतं. सोनिवली तिथून रिक्षानं दहा मिनिटं. त्याच रिक्षात बसता आलं असतं — नाही? मी घरी गेलो.

याला सहा वर्षं झाली. काका आहेत, बाजारात एकदा लांबून दिसले, मी गल्ली बदलली. रविवारी मी अजून शेवटच्या जागेवर बसतो. नाणं माझ्या कपाटात आहे, पदवीच्या प्रमाणपत्राच्या फाईलखाली. घरात कुणी नसलं की काढतो आणि त्यावरून अंगठा फिरवतो.

रेघ उठलेली आहे.