दुसरा ब्रेक

२००९ साल. माझं वय एकसष्ट. एका बाईने काउंटरवर सीडी ठेवली आणि म्हणाली, "नाना, पैसे परत नकोत मला. गाडी चालवून द्या."

गाडी म्हणजे आगगाडी, तीही कॉम्प्युटरमधली. तो आगगाडी चालवायचा गेम तिने आदल्या आठवड्यात माझ्याकडूनच नेला होता. संगीता तिचं नाव. नरडाण्याला एमआयडीसीत एका कंपनीच्या ऑफिसात कामाला.

माझं दुकान जळगावात, एका कॉम्प्लेक्सच्या तळमजल्यावर. आधी कॅसेटी विकल्या, मग गाण्यांच्या सीड्या, मग गेम. मी तिसरीपर्यंत शिकलो. एबीसीडी मला कीबोर्डने शिकवली, मास्तराने नाही. तरी कॉम्प्लेक्समध्ये सगळ्यात जास्त गेम माझ्याच दुकानातून जायचे. ज्याला खोटं वाटेल त्याने तेव्हाच्या पोरांना विचारावं.

आता धंद्यातली गोष्ट समजून घ्या. गेम नवा येतो तेव्हा मोठ्या खोक्यात येतो. आत सीडी आणि एक छापील पुस्तक, त्याला मॅन्युअल म्हणतात. कोणतं बटण दाबलं की काय होतं, ते त्यात असतं. गेम जुना झाला की कंपनी तोच गेम पातळ कव्हरात, स्वस्तात पुन्हा काढते. आम्ही त्याला बजेट माल म्हणायचो. गेम पूर्ण, पण पुस्तक गायब. मारामारीच्या गेमला त्याने काही अडत नाही. पोरं दिसेल ते बटण बडवतात, समोरचा पडतो. म्हणून मला वाटायचं, पुस्तक म्हणजे लग्नपत्रिका. तारीख उलटल्यावर कोण सांभाळतं?

माझे वडील बैलांचा व्यापार करायचे. बाजारात बैल जुंपून दाखवायचे, मगच भाव बोलायचे. नुसता उभा बैल विकणं त्यांना कमीपणाचं वाटे. मीही तीच रीत चालवली. दुकानात लावून दाखवल्याशिवाय सीडी द्यायची नाही. संगीतालाही दाखवली होती. स्टेशन दिसलं, इंजिन दिसलं, मी शिट्टी वाजवली. ती खूश, मीही खूश. गाडी हलवून पाहायचं दोघांनाही सुचलं नाही.

"कोण खेळतं घरी?" मी विचारलं.

"आमचे आबा, माझे वडील. रेल्वेत ड्रायव्हर होते."

मग तिने सगळं सांगितलं. रेल्वेत एक पद्धत आहे. ड्रायव्हर रिटायर होतो त्या दिवशी इंजिनाला हार घालतात. घरचे प्लॅटफॉर्मवर येतात आणि तो शेवटची गाडी स्वतः आणून उभी करतो. आबांना ते मिळालंच नाही. डोळ्यांच्या मेडिकलमध्ये लांबचे सिग्नल दिसेनात, म्हणून त्यांना अनफिट केलं. उरलेली नोकरी टेबलामागे गेली. रिटायर झाले ते खुर्चीवरून. तेव्हापासून माणूस स्टेशनच्या रस्त्याने जात नाही. संगीताने जुना कॉम्प्युटर घेतला तो याच गेमसाठी. आणि गाडी हलेना.

मी मुंबईच्या होलसेलरला फोन लावला.

"पुस्तक नाही म्हणून तर भाव कमी आहे ना, नाना! ती सीडी बदला, दुसरी घेऊन जा."

"दुसऱ्या सीडीत तरी पुस्तक आहे का?"

"नाही."

"मग बदलून काय तुझं डोकं येणार आहे का तिच्यात?" मी फोन ठेवला.

माझा माल चालत नाही, हे मला सहन होत नाही. दुकान बंद केलं आणि पॅसेंजर धरून नरडाण्याला गेलो.

आबा उंच माणूस. जय भीम केला, मीही केला. कॉम्प्युटरवर टॉवेल झाकलेला होता. मी टॉवेल काढला तर अहिराणीत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या नाना. हाई गाडी मन्हावर रुसेल शे. इनी बी माले अनफिट करी टाकं."

हसून म्हणाले, पण अक्का, म्हणजे त्यांची बायको, दारातून आत निघून गेली.

मी खुर्चीवर बसलो आणि एका कडेने सगळी बटणं दाबली. दिवे लागले, घंटी वाजली, वायपर फिरला. गाडी जागची हलली नाही. आबा मागून सारखं एकच विचारत होते, "दुसरा ब्रेक कोठे शे?"

"दुसरा कशाला? एक सोडला ना मी."

"तो इंजिनना. डबासना येगळा ऱ्हास. तो सुटाशिवाय गाडी कशी हालई?"

त्यांना ब्रेक माहीत, बटण माहीत नाही. मला बटणं माहीत, ब्रेक माहीत नाही. निघताना आबांनी टॉवेल परत झाकला. नीट कोपरे ओढून झाकला, जसा आता उचलायचाच नाही.

परतीच्या गाडीत एकच नाव डोक्यात होतं आणि तेच मला नको होतं. माझ्या शेजारच्या गाळ्यातले शरदशेठ. ते फक्त खोक्यातला अस्सल माल ठेवायचे. माझ्या बोर्डामागे त्यांचा बोर्ड झाकला जातो म्हणून आमचं बोलणं बंद होतं. त्यांनी तीनदा निरोप पाठवला, मी बोर्ड तसूभर हलवला नाही. माझा स्वभाव तसाच आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दुकानात गेलो.

"शेठ, एक पुस्तक पाहिजे."

"पुस्तकं? मी गेम विकतो नाना. पुस्तक सोबत येतं. सोबत काय असतं ते तुम्हाला माहीत नसेल, तुमच्याकडे कोंबडी पिसं काढूनच येते."

गिऱ्हाईक हसलं. मी गिळलं. वळून निघून जावं असं वाटलं, पण डोळ्यांसमोर तो टॉवेल होता. आबांचं सगळं सांगितलं.

शेठनी काचेच्या कपाटातून त्याच गेमचं खोकं काढलं. नवीन, सीलबंद. सील फोडलं की ते खोकं नवीन म्हणून विकता येत नाही, हे मला सांगायची गरज नव्हती. त्यांनी नखाने सील फाडलं आणि पुस्तक माझ्यासमोर टाकलं.

"खोक्याचे किती झाले?" मी म्हणालो.

"त्यांची गाडी आधी हलवा. मग भांडू."

पुस्तक इंग्रजीत. पण मधल्या पानावर कीबोर्डचं चित्र होतं आणि प्रत्येक बटणाला रेघ काढून नाव. तेवढं पान घेऊन मी पुन्हा नरडाण्याला गेलो.

आबा पान डोळ्यांजवळ धरून एकेक नाव वाचायला लागले. सगळे शब्द त्यांच्या रोजच्या तोंडातले. "ट्रेन ब्रेक... हाऊ शे!" बोट ठेवलं तिथे टिंब आणि खाली शेपटीचं टिंब अशी खूण होती. त्या बटणाकडे मी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. शेवटी एका नावावर ते थांबले आणि हसू लागले. इमर्जन्सी ब्रेक. मी कडेने सगळी बटणं दाबत होतो ना, त्यात दरवेळी तेही दाबत होतो.

"नाना, तुम्हीच साखळी खेचत व्हतात!"

मी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

आबा उठून आत गेले. आले ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, वरपर्यंत गुंड्या लावून. बसले. डब्यांचा ब्रेक सोडला, इंजिनाचा सोडला, शिट्टी दिली. गाडी हलली.

पडद्यावर परदेशातलं कुठलं तरी गाव, बर्फाचे डोंगर, पण आबा प्रत्येक सिग्नल मोठ्याने म्हणत होते आणि संगीता मागून तोच शब्द परत म्हणत होती, जसा सोबतचा असिस्टंट म्हणतो. पुढचं स्टेशन आलं. गाडी प्लॅटफॉर्मला लागली, थांबताना धक्कासुद्धा दिसला नाही. अक्का पिठाच्या हाताने बाहेर आली.

"उनी का गाडी?" आली का, असं तिने विचारलं.

"उनी," आबा म्हणाले. चष्मा काढला, पुसला, बराच वेळ पुसला. मग माझ्याकडे वळले. "उतरा नाना, गाव उनं."

धंद्यात मी एवढं शिकलो की चालू होणं वेगळं आणि चालणं वेगळं. त्यापुढे गाडी विकली तर ती हलवूनच विकली. पण त्या दिवशीचं श्रेय माझं नाही. सील फोडणाऱ्याचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आधी मी शिडी लावली, बोर्डाचे खिळे उपसले आणि बोर्ड बाजूला सरकवून ठोकला. शरदशेठ खाली येऊन उभे राहिले.

"नाना, अजून एक वीत."

मी अजून एक वीत सरकवला.