सुपात टाकलेली लेक

लासेम गावच्या गल्लीत पोनियेमइतकं बारीक बाटिक काढणारी दुसरी बाई नव्हती. कापडावर वितळल्या मेणाची रेघ काय ओढायची! पण बाजूची मेणाची कढई मात्र सारखी लवंडायची. बायका हसायच्या, "पोनियेम, हात सोन्याचा गं तुझा, कोपर मेलं गाढवाचं!"

तिच्या माहेरी आंधळेपण पाचवीला पुजलेलं. आजोबांचे डोळे गेले, बापाचे गेले. म्हणून पोनियेम जन्मली तशी तिला सुपात घालून रस्त्यावर ठेवली आणि शेजारणीनं "सापडली" म्हणून उचलली. पीडेनं ओळखू नये, एवढ्यासाठी. पुढं पोनियेमनं पोटच्या रुमियातीचंही तेच केलं. पोरगी घरातच वाढली, पण आईला मावशी म्हणत. वेडी माया, दुसरं काय!

मग भावाचे, वारसितोचे, डोळे गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा काचबिंदू. तुमच्या घराण्यात रक्तातून उतरतोय. आधी कडेची नजर खातो, समोरचं दिसत राहतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. रक्ताच्या सगळ्यांना घेऊन या."

वारसितो काठी टेकत बहिणीकडे आला. "चल."

"मी कशाला? मी कुठं त्या घरची? आणि सुईत दोरा ओवते मी अजून!"

"सुपात घातली म्हणून रक्त बदललं होय गं?" वारसितो भडकला. "तुझं राहू दे. पोरीचं काय?"

पोनियेमनं रुमियातीला हाक मारली.

दवाखान्यात त्या दिवशी फक्त वारसितोच्या नातलगांची तपासणी होती. नर्सनं रुमियातीला विचारलं, "तू यांची कोण?"

"शेजारची," लहानपणापासून पढवलेलं ती बोलून गेली.

"मग तू बाहेर बस."

पोनियेम अर्धवट उठली. खरं बोलावं तर पीडेला स्वतःच्या तोंडानं घर दाखवल्यासारखं. पोरगी दाराकडे वळली, तशी पोनियेम ओरडलीच, "माझ्या पोटची आहे ती! याची सख्खी भाची! तपासा तिला!"

पोनियेमची कडेची नजर बरीच गेली होती, ती परत येणार नव्हती. रुमियातीच्या डोळ्यांतला दाब वाढलेला, पण नजर शाबूत होती.

"माझं जाऊ दे हो. हिचे डोळे राहतील ना?"

"वेळेवर आणलीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. " रोज न चुकता थेंब घातले, तपासायला येत राहिली, तर राहतील."

नर्सनं पोनियेमच्या डोळ्यांत औषध घातलं आणि तिनं तिथंच बाकावर हंबरडा फोडला. रुमियातीनं तिला घट्ट धरलं, स्वतःचं नाक पुसलं आणि म्हणाली, "वाहवलंस ना सगळं औषध! नर्सबाई, हिला परत घाला हो थेंब."