हरण्याची दूधभाकरी

रेणापूरच्या शिवारात गुरुलिंगअप्पांइतका कडक माणूस शोधून सापडला नसता. गळ्यात इष्टलिंग, घरात अंडंसुद्धा वर्ज्य, आणि हा नेम त्यांनी कुत्र्यालाही लावलेला. हरण्या हा त्यांचा कारवानी कुत्रा, लांब पायांचा, सोयाबीनमधून रानडुकरं हाकणारा. त्याला दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, दुधात कुस्करून. दुसरं काही नाही.

उन्हाळ्यात हरण्याच्या बरगड्या दिसू लागल्या. पळता पळता मधेच बसायचा. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अप्पा, भाकरीनं पोट भरतं, थोडी ताकदही येते. पण एवढं पळणाऱ्या कुत्र्याला खरा जोर चरबीतून मिळतो, आणि अंग धरतं मांसाअंड्यानं. नुसत्या दूधभाकरीवर हा टिकायचा नाही."

"आमच्या घरात ऱ्हायचं तर आमचंच खाऊन जगंल," म्हणत अप्पा उठले.

आणि नवल म्हणजे हरण्या जगला. पावसाळ्यात अंग भरलं, कातडी चकाकू लागली, डुकरांमागे तो थेट ओढ्यापलीकडे जाऊ लागला. अप्पांना आभाळ ठेंगणं झालं. टपरीवर, लग्नाच्या मांडवात, जिथे चार डोकी दिसतील तिथे, कुणी विचारलेलं नसताना, डॉक्टरीण कशी तोंडघशी पडली ते रंगवून सांगायचे. घरी पाहुण्यांना सांगायचे तेव्हा बायको नागाबाई समोर बसून ऐकायची.

एका दुपारी हरण्या दिसेना म्हणून अप्पा बांध ओलांडून शेजारच्या व्यंकटीच्या शेतात गेले. लिंबाखाली हरण्या ॲल्युमिनियमच्या ताटलीत तोंड घालून होता. उकडलेली अंडी, बकऱ्याच्या चरबीचे तुकडे. शेजारी नागाबाईची ताकाची किटली. हे ताक रोज शेजारधर्म म्हणून जातं, असं अप्पा समजत होते.

व्यंकटी गडबडला. "वहिनींनीच सांगितलंय, अप्पा. ह्या ताकाच्या बदल्यात उन्हाळ्यापासनं हितंच खाऊन राहिला."

घरी नागाबाई भाकरी थापत होती. अप्पांनी विचारलं तरी तिचा हात थांबला नाही. "तुमाला इचारलं असतं तर कुत्रं गेलं असतं."

"आन मी गावभर सांगत हिंडलो, तवा?"

"तवा तुमी लई खुशीत होता."

हेच त्यांना लागलं. नेम मोडला त्याचं एक वेळ गिळता आलं असतं. पण जिच्यावर जन्मभर डोळे झाकून विसंबले, ती समोर बसून त्यांचं हसं होताना बघत होती.

संध्याकाळी त्यांनी हरण्यापुढे दूधभाकरी ठेवली. पोट तट्ट भरलेलं असूनही त्याने शेपूट हलवत ती चाटूनपुसून खाल्ली, रोज खायचा तशीच. हासुद्धा इतके दिवस आपलं मन राखत होता, असं अप्पांना वाटलं, आणि त्यांना रडू आलं.