फ्रिजातला हिवाळा

माझी मैत्रीण वत्सला गेल्याचा फोन आला तेव्हा मी ज्वारी निवडत होते. पौषातली सकाळ, अंगणात ऊन उतरायचं होतं. अमडापुरात तिचं घर माझ्यापासून हाकेच्या अंतरावर, तरी तिच्या मुलाने, प्रकाशने, फोनच केला. "मावशी, आई उठूनच नाही राह्यली," एवढंच म्हणाला. मी गेले. घरभर माणसं होती, तरी आवाज कुणाचा नव्हता. स्वयंपाकघरात तेवढा तिचा जुना फ्रिज घुमत होता... मला वाटलं, घरात तोच एक श्वास घेतोय.

त्यात काय आहे ते मला ठाऊक होतं. वत्सलाची लेक उत्तराखंडात पहाडावर दिलेली. तिच्या अंगणात निळी आयरिस येते, एकदा लावली की वर्षानुवर्षं फुलते. वत्सलाने ते बी आणून दोनदा पेरलं, दोन्ही वेळा मातीतच कुजलं. मग लेकीने सांगितलं, आई, त्याला बर्फाखालचा ओला, लांब हिवाळा लागतो, त्याशिवाय ते उठत नाही. आपल्याकडे बर्फ कुठला? तेव्हा या बाईने ओल्या वाळूत चुलीची राख मिसळली, बुरशी धरू नये म्हणून. त्यात बी घालून नवऱ्याच्या जुन्या धोतराच्या फडक्यात गाठोडी बांधली आणि दिवाळीनंतर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली. येता-जाता दाराला कान लावायची.

"काऊन वो, बोलते काय ते तुझ्यासंगं?" मी चिडवायची.

"झोपलं हाय ते. थंडी भरली की आपल्या मनानं उठते, मधात उठवलं तं मरते. शिवरात्रीपर्यंत मी नसली, तं तू पाहजो."

"कुठं चालली तू?"

तिने हसत पुन्हा दाराला कान लावला.

दहनानंतर तिची राख सावडून आणली, पांढऱ्या फडक्यात बांधून मागच्या कडुलिंबाला टांगली. ती घरात आणत नाहीत. दुसऱ्या दिवशी तिच्या सुनेने, रेखाने, दुधासाठी फ्रिज उघडला, तर खाली पांढरं फडकं आणि त्यातून पाझरलेली ओली राख. तिने गुपचूप दार लावलं. प्रकाशने लिंबाकडे पाहिलं, तिथलं गाठोडं जागेवरच होतं. मग हे कोणतं? त्या दिवसापासून कोणी फ्रिज उघडला नाही. आत दूध नासलं, वास सुटला, तरी नाही. आणि बटण बंद करायचीही कोणाची छाती झाली नाही.

तेरवीला दोघांनी मला बाजूला घेतलं. "मावशी," रेखा हळूच म्हणाली, "आत्याबाई घरात आल्या कशा?"

मला आधी हसू आलं. मग सगळं सांगितलं. प्रकाशला पटलं, पण तो म्हणाला, नेऊन पुरून टाकू. मी म्हटलं, शिवरात्रीपर्यंत हात लावू नका बाबा, तिची तेवढीच इच्छा होती. रेखा मान खाली घालून बसली होती. "बी असन, मावशी. पण दुपारी सामसूम झाली की आतून खरखर येते." मग म्हणाली, "मले काऊन नाही सांगतलं त्यायनं?"

शिवरात्र झाली. दार मीच उघडलं. गाठोडी फुगली होती. गाठ सुटेना, कारण पांढऱ्या मुळ्या फडक्यातून बाहेर येऊन पुन्हा आत शिरल्या होत्या, शिवल्यासारख्या. जेवढ्या मोकळ्या होत्या, तेवढ्या सगळ्या दाराकडे वळलेल्या... प्रकाश मागे सरला. रेखानेच पुढे होऊन ओंजळीत ती घेतली. "थंडगार हाय," म्हणाली, "पण जड झाली." फडक्यासकटच आम्ही ती न्हाणीमागच्या सावलीत लावली.

आता बोटभर पात्या आल्या आहेत. फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात म्हणे, आणि आमच्याकडचा उन्हाळा अजून जायचा आहे. रेखा ओलं पोतं बांधून सावली करते. फ्रिज धुऊन भाजीपाला भरलाय, खालचा कप्पा मात्र रिकामा. परवा मी म्हटलं, ठेव ना काहीतरी तिथं, जागा कशाला वाया घालवते.

"असू द्या, मावशी," ती म्हणाली. "तिथं हात नेला की कोणीतरी सरकून जागा देते, असं वाटते मले."