दुप्पट जागेचे नाना

आमच्या ताईचे थोरले दीर, म्हणजे धुळ्याचे नाना, यांच्याइतका रिकाम्या जागेचा कट्टर शत्रू अख्ख्या खानदेशात दुसरा झाला नसेल. पोकळ वस्तू दिसली की ती भरल्याशिवाय त्यांच्या हाताला चैन पडत नसे. ताईच्या डोहाळजेवणाला ते आमच्याकडे जळगावला आले ते एकच पिशवी घेऊन. पिशवीत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाचा डबा, पिठात पुरलेल्या काचेच्या बांगड्या आणि बांगड्यांच्या पोकळीत उभी केलेली हळकुंडं. "एस.टी.त एवढे धक्के बसले, पण एक तरी बांगडी वाढली का, बघ!" खरंच वाढली नव्हती. डोहाळजेवणाच्या फोटोत ताईचे हात कोपरापर्यंत पांढरे दिसतात ते मात्र त्यामुळे. रिक्षात बसले की आधीच्या लोकांची ते फेरमांडणी करत. "दादा, जरा तिरपे व्हा. अक्का, ती पिशवी मांडीवर घ्या." आणि आणखी एक माणूस मावायचाच! कोणी चिडतही नसे, कारण नाना स्वतः निम्मे बाहेर लटकलेले असत.

धुळ्यातल्या एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्याची कचेरी ते सांभाळत. दवाखान्याची खेडोपाडी शिबिरं होत. मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्यांना गाडीतून धुळ्याला आणत, एका डोळ्याचं ऑपरेशन करून केसपेपर हातात देत आणि घरी पोचवत. दुसऱ्या डोळ्याची वेळ आली की पोस्टकार्ड जाई. पुढे तिथे कॉम्प्युटर आला आणि ही सगळी मंडळी डेटाबेसमध्ये जाऊन बसली. नाव, गाव, कोणता डोळा झाला, दुसऱ्यासाठी कधी बोलवायचं. नाना तेव्हा पन्नाशीला टेकले होते, पण चपला बाहेर काढून कॉम्प्युटरच्या थंडगार खोलीत शिरले ते जवळजवळ तिथेच राहायला गेले. नावासाठी प्रत्येकाला सारखीच लांब जागा राखलेली असते आणि नाव आखूड असलं तर उरलेली जागा तशीच कोरी साठवली जाते, हे त्यांना कळलं त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत, असं त्याच घरात राहणारी ताई सांगते.

काही वर्षांनी डिस्क भरत आली. त्याच सुमारास डिस्क दाबून तिच्यावर दुप्पट माल बसवणारं एक सॉफ्टवेअर नानांच्या हाती लागलं. मग काय विचारता! दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी ते केळीवरून समजावलं. "बाई, कागदावर ओळभर केळी, केळी, केळी असं लिहिण्यापेक्षा केळी एकदा लिहायचं आणि पुढे ओळभर असं म्हणायचं. वाचताना पुन्हा सगळी केळी जागेवर!" बाई हसल्या आणि हो म्हणाल्या. डेटाबेसचा बॅकअप ज्या दुसऱ्या, लहानशा डिस्कवर ठेवत, ती नानांनी दाबून दुप्पट केली. दर आठवड्याचा बॅकअप त्यावर चढवायचा आणि पडद्यावर अजून किती जागा उरली ते बघून खुशीत घरी यायचं. आल्यागेल्याला ते अहिराणीत सांगत, "डिस्क तीच, पण दुप्पट शे!" मला तर त्यांनी ते भर लग्नाच्या पंगतीत सांगितलं होतं.

नाशिकहून मशीन दुरुस्तीला येणाऱ्या एका इंजिनिअरने त्यांना एकदा हटकलं. "नाना, ती उरलेली जागा म्हणजे नुसता अंदाज असतो. आणि आतून ती सगळी डिस्क एकच मोठी फाईल असते. ती बिघडली की सगळं गेलं. निदान बॅकअप तरी मोकळा ठेवा." नानांनी त्याला चहा पाजला, ताईच्या हातचं शेव-भाजीचं जेवण घातलं आणि बॅकअप होता तसाच ठेवला.

एका उन्हाळ्यात गेलेली वीज अशी काही उसळून परत आली की मुख्य डिस्क जळाली. सगळे घाबरले, नाना नाही. "बॅकअप शे ना!" म्हणत त्यांनी दुसरी डिस्क लावली. ती उघडेना. काठोकाठ भरलेल्या त्या एका फाईलचं, कुठे काय आहे ते सांगणारं मुळाचंच पान खराब झालं होतं. नाशिकचा इंजिनिअर दिवसभर खटपट करून शेवटी हात पुसत उठला. बिचारा एक शब्दही टाकून बोलला नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाना, विजेपुढे आपण काय करणार?" तिथेच विषय मिटला असता. पण नाना उभे राहिले. "बाई, विजेने एकच डिस्क नेली. दुसरी मी घालवली. जागा वाचवत बसलो. ही म्हातारी माणसं आता पोस्टकार्डाची वाट बघतील. नाही आलं तर कोणाला विचारायलाही येणार नाहीत, एकाच डोळ्यावर दिवस काढतील." हे बाईंनीच मला पुढे सांगितलं.

त्यानंतर नानांचे रविवार एस.टी.त गेले. जिथे जिथे शिबिर झालं होतं ते प्रत्येक गाव त्यांनी पुन्हा गाठलं. मी कॉलेजात शिकवत असे, मे महिन्याची सुट्टी होती, म्हणून लिहून घ्यायला मीही सोबत गेले. सोनगीरला किल्ल्याखालच्या शाळेच्या ओट्यावर आम्ही बसलो आणि ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून नानांनी स्वतःच पुकारा केला. दम लागेपर्यंत पुकारत होते. मग म्हातारी माणसं यायला लागली. कोणाचा केसपेपर तांदळाच्या डब्यातून निघाला, कोणाचा देवाच्या तसबिरीमागून. प्रत्येकाची माहिती नाना पूर्ण लिहायला लावत. मी "रा. सोनगीर" असं आटोपायला लागले तर म्हणाले, "असं नको माय. गल्ली लिही, मुलाचं नाव लिही. लांबलं तर लांबू दे."

एका आजीकडे कागदच नव्हता.

"कागद तं उंदीरनी खाई टाका, भाऊ," ती म्हणाली. मग मान वाकडी करून नानांकडे बघत राहिली. "तू तोच ना? ऑपरेशनले लई जातांना मना हात धरेल व्हता तो? आवाज तोच शे. तोंड आज देखं."

नाना एरवी बोलायला लागले की थांबत नसत. आज त्यांनी एवढंच विचारलं, "आते दिसस ना, आक्का?"

"एक डोयाघाई बठ्ठं दिसस. दुसरा कवय करशी?" एका डोळ्याने तिला सगळं दिसत होतं, आता दुसरा कधी करणार एवढंच तिला हवं होतं.

"करू आक्का. लवकर करू," नाना म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. तिचं नाव मात्र त्यांनी माझ्या हातून कागद घेऊन स्वतः लिहिलं.

दिवाळीपर्यंत बहुतेक सगळी गावं पुन्हा डेटाबेसमध्ये आली. काही माणसं सापडली नाहीत. कोणी मुलाकडे सुरतेला गेलं होतं, कोणी देवाघरी. त्यांची हळहळ नानांना कायम राहिली. आजीचा दुसरा डोळा त्याच थंडीत झाला. दवाखान्याने मोठी डिस्क घेतली आणि बॅकअपच्या दोन प्रती ऐसपैस, न दाबता, वेगवेगळ्या ठिकाणी राहू लागल्या. त्यातली एक नानांच्या देवघरात असे. ताई रोज तिच्यावरही फूल वाहायची.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी नानांना स्वतःलाच मोतीबिंदू झाला. त्याच दवाखान्यात ऑपरेशन झालं. पट्टी सोडली त्या सकाळी मी जळगावहून गेले होते. "नाना, दिसतंय का?" मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, पण नजर लगेच शेजारच्या खाटेकडे गेली. तिथे पट्टी बांधलेले एक आबा छताकडे तोंड करून गप्प पडले होते, सोबत कोणी नव्हतं. नाना आपल्या खाटेवरून उतरले, चाचपडत त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "आबा, गाव कोणतं?" आबांनी गाव सांगितलं. मग कोणाचा मळा कुठे, विहिरीला पाणी किती, असं सुरू झालं ते दुपार कलली तरी संपेना. माझ्या गाडीची वेळ झाली. मी नमस्कार केला तो नानांना कळलाही नसावा. दारातून वळून पाहिलं तर आबांच्या हातावर हात ठेवून ते काहीतरी मन लावून ऐकत होते. नानांना मी पाहिलं ते शेवटचं.