कांताचा उजवा पाय

सकाळच्या गाडीने छत्रपती संभाजीनगर सोडलं तेव्हा डब्यात मास्क लावलेली मी एकटीच होते. मूत्रपिंड बदलून चार महिने झाले होते आणि डॉक्टरांनी पहिल्यांदाच शहराबाहेर जायची मोकळीक दिली होती. निघाले होते कांताकडे. रुग्णालयात आमच्या खाटा शेजारी होत्या. मला बहिणीने मूत्रपिंड दिलं, तिला नवऱ्याने. मी जवळ राहते म्हणून दर आठवड्याला तपासणीच्या रांगेत बसते. कांता गावातच रक्त देते आणि डॉक्टर तिच्याशी व्हिडिओवर बोलतात. मला तिचा हेवा वाटायचा.

बदनापूरला नोकरदार उतरले, डबा मोकळा झाला. जालन्याला बस धरली.

"एक पिंपळगाव," मी कंडक्टरला म्हटलं.

"कोणतं, ताई? पिंपळगावं लय हायत."

"कुंभार पिंपळगाव."

"मंग बसा. बराबर उतरवतो."

अंबडपुढे मोसंबीच्या बागा लागल्या, मध्येच कपाशीचं काळं रान. घनसावंगीच्या अलीकडे चाक पंक्चर झालं. तासभर बाभळीखाली बसून घरून आणलेलं पाणी प्यायले.

कांताचे यजमान भानुदासभाऊ स्टँडवर घ्यायला आले होते. घरी गरम भाकरी आणि येसर (भाजून दळलेल्या धान्य-मसाल्यांची आमटी) तयार होतं, मीठ बेताचं.

"पाणी उकळलेलं हाय, भिऊ नको," कांता म्हणाली.

ताटं उचलायला ती उठली आणि माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. उजवा पाय डाव्यापेक्षा चांगलाच जाड दिसत होता.

"हे कधीपासून?"

"झाले आसतील आठ दिस. चालून आलं आसंल."

मी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरेचना. डॉक्टर दर वेळी माझे पाय असेच दाबून बघतात.

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"त्यांनी इचारलं, सूज हाय का. म्या गालाला हात लावून पाह्यलं अन् न्हाई म्हणलं. फोनमधी तोंडच दिसून राह्यलं ना."

मी लगेच डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन तिच्या पायाकडे धरला. ते म्हणाले, "परवाच्या रक्तात क्रिएटिनिनही थोडं चढलंय, म्हणजे किडनीवर ताण आहे. आजच घेऊन या."

भानुदासभाऊंचा चेहरा उतरला. "वाया गेली का हो किडनी?"

"तसं वाटत नाही. पण हात लावून बघायला हवं," डॉक्टर म्हणाले.

ओळखीची जीप मिळाली. वाटेत भाऊ पुन्हापुन्हा तिच्या पायाकडे बघत होते. कांताच त्यांना म्हणाली, "तुमची हाय ती. अशी हार न्हाई मानायची."

संध्याकाळी सोनोग्राफी झाली. ओटीपोटात उजवीकडे बसवलेल्या नव्या मूत्रपिंडाशेजारी पाणी साठलं होतं, त्याचा दाब मूत्रपिंडावर आणि पायाच्या शिरेवर येत होता. बारीक नळी घालून ते काढलं. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन खाली आलं. भाऊंनी मला तो कागद दोनदा वाचायला लावला.

आता कांता महिन्यातून एकदा प्रत्यक्ष येणार, मधल्या तपासण्या गावातून. तिला भेटून मी रिक्षाने घरी परतले. फोनने काही खोटं सांगितलं नव्हतं, त्याच्यामुळेच तर डॉक्टर पाच मिनिटांत भेटले. पण आमच्यासारख्यांना आपल्या अंगात काय सांगण्याजोगं आहे, हेच कधीकधी कळत नाही. ते दुसऱ्या कुणाच्या तरी अंगठ्याला कळावं लागतं.