चांगल्या गुडघ्याचे डॉक्टर

आमचे डॉक्टर आधी न दुखणारा गुडघा धरायचे. चंद्रपूरला त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. पेशंट टेबलावर बसला की हे समोर स्टूल ओढणार आणि दोन्ही हातांनी त्याचा धड गुडघा चाचपत बसणार. एका म्हातारीने तर त्यांच्या हातावर चापटच मारली होती. "हा नाई रे बाबू, तो दुखते." डॉक्टर म्हणाले, "मालूम आहे बाई. पह्यले याले पाहू दे, हा काऊन चूप आहे ते."

तुम्ही म्हणाल, वेडा माणूस. मीही म्हणालो होतो. मी सावली तालुक्यातल्या एका शाळेत पीटी मास्तर. डोकं गरम, आणि खेळाडूच्या गुडघ्यातलं आपल्याइतकं कोणालाच कळत नाही, असा पक्का समज.

सुनीता माझी जुनी विद्यार्थिनी, जंगलालगतच्या गोंड वस्तीतली. शाळा सुटली तरी रोज संध्याकाळी कबड्डीला मैदानावर हजर. पोलीस भरतीत धावताना ती एकदा थोडक्यात हुकली होती. "यंदा नाई लागली तर मी पुन्हा येत नाई, सर," असं तिनं मला सांगून टाकलं होतं.

भरतीला तीन महिने राहिले आणि तिचा उजवा गुडघा दुखायला लागला. पायऱ्या उतरताना, उकिडवं बसताना कळ यायची. मी शहाण्याने काय करावं? कसरत कमी पडते म्हणून तिच्या बेडूकउड्या दुप्पट केल्या, त्याही मुरमाच्या मैदानावर. दुखणं वाढलं. जवळच्या एका दवाखान्यात एक्स-रेचा फोटो काढला, तर गुडघ्याच्या वाटीचा वरचा बाहेरचा कोपरा सुटा दिसला. वाटी मोडली, सहा आठवडे प्लास्टर, असं सांगितलं. सहा आठवडे पाय बांधून ठेवल्यावर ती धावणार कधी? सुनीता घरी जाऊन जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला आणि तिच्या आईला घेऊन चंद्रपूरची बस पकडली.

डॉक्टरांनी फोटो खिडकीशी धरून पाहिला आणि नेहमीप्रमाणे डावा गुडघा हातात घेतला. माझं टाळकं सटकलं. "साहेब, मोडला तो उजवा आहे."

"मोडला, तर पडली कधी?"

"पडली नाई जी," सुनीता म्हणाली.

"मग याचा बी फोटो काढू."

डाव्या वाटीतही त्याच कोपऱ्यात तसाच सुटा तुकडा. डॉक्टर खूश झाले. "हे पाहा मास्तर. मोडलेल्या हाडाची कड खरखरीत राह्यते. ही गोल आहे, गुळगुळीत. लहानपणी वाटीचं हाड जुळून एक होते. इचा एक कोपरा जुळलाच नाई. बहुत लोकांचं असंच राह्यते, त्यांले पत्ता बी नसते."

"मग आताच दुखते काऊन?" सुनीताने विचारलं.

"जोडावर ताण येऊन राह्यला बेटा. कसरत कोन्ती करतेस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी हळू आवाजात बेडूकउड्यांचं सांगितलं. "मारून दाखवा बरं," डॉक्टर म्हणाले. चाळिशी उलटलेला मी, पोट सांभाळत, भर दवाखान्यात तीन उड्या मारल्या. तिसरीला माझाच गुडघा कट्कन वाजला. "बस करा. आता तुमचा बी फोटो काढा लागन." त्या दोन दिवसांत सुनीता पहिल्यांदा हसली.

प्लास्टर टळलं. महिनाभर धावणं, उड्या बंद. पाय सरळ ठेवून उचलायचा, मांडी हलके ताणायची, माठातल्या पाण्याचा गार फडका ठेवायचा. नंतर मऊ वाटेवर थोडं थोडं धावायचं. आणि उकिडवं बसायचं नाही.

इथे तिची आई अडली. "मोहाचे फुलं गळून राह्यले जी. वेचाले ते नाई बसली तर कसं होईन?"

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "धानाचा रोवणा असता तर जाऊ देलं असतं, तो कमरेतून वाकून होते. मोहाले उकिडवं बसा लागते. लाकडाच्या पिढ्यावर बसून वेच, बेटा."

झालं. त्या मोसमात सुनीता झाडाखाली पिढा सरकवत मोहफुलं वेचत होती आणि अख्खी वस्ती हसत होती. बाया तिला साहेबीण म्हणायला लागल्या. लाजून तिनं पिढा टाकून दिला असता, पण एका रविवारी डॉक्टर स्वतः स्कूटरवर वस्तीत आले. दुसरा पिढा मागून घेतला आणि दुपारपर्यंत तिच्याशेजारी बसून फुलं वेचली. "आराम आहे यात," असं प्रत्येक बाईला सांगत होते. पुढच्या आठवड्यात दोन म्हाताऱ्या पिढे घेऊन आल्या. मला त्या दिवशी या माणसाचा फार अभिमान वाटला.

सुनीता धावली. यादीत तिचं नाव लागलं.

पाच-सहा वर्षांनी डॉक्टर गेले. मी पोचलो तेव्हा जनाजा बाजारातून निघाला होता. पुढच्या चौकात सुनीता ड्युटीवर होती. तिनं चारही रस्ते थांबवले होते. एका टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला, "बाई, अजून किती वेळ?"

"थांबा जी," ती म्हणाली, "माझे डॉक्टर चालले."

त्यानं गाडी बंद केली. मागच्यांनीही केली. शेवटचा माणूस वळणाआड गेला तरी तिनं हात खाली घेतला नव्हता, आणि कोणी तिला घे म्हटलंही नाही.